रिकाम्या हातानं

जून लागला की आमच्या माळावरचा वारा चळतो. आभाळ भरून येतं, दिवसभर डोक्यावर बसून राहतं आणि पडत काहीच नाही. कडुनिंबाखाली पिवळ्या लिंबोळ्यांचा सडा पडतो. त्या चपलेखाली चिरडतात आणि त्यांचा गोडसर-कडू वास आपल्या मागं मागं घरात येतो. याच दिवसांत आमच्याकडं आणखी एक पीक येतं, सल्ल्याचं. त्याला पाऊस लागत नाही, पेरावं लागत नाही आणि कितीही खुरपलं तरी ते मरत नाही.

परवा इथल्या कॉलेजातले दोन तरुण प्राध्यापक घरी आले. हातात चकचकीत कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ.

"गुरुजी, नव्या मुलांचा स्वागत समारंभ आहे. तुम्ही थोडं मार्गदर्शन करावं."

"कशाबद्दल?"

"हेच, कॉलेजात आल्यावर काय करावं, काय करू नये. वेळेचं नियोजन, चांगली संगत, मोठ्यांचा आदर."

"सगळं तर तुम्हीच सांगितलंत. मी येऊन काय करू?"

ते हसले. मी रागावलो की समोरचे हसतात, हे माझ्या म्हातारपणाचं एक दुखणं आहे. मी म्हटलं, अहो, मी प्राथमिक शाळेतला मास्तर, मॅट्रिक पास. त्यावर त्यांच्यातला थोराड होता तो म्हणाला, "तेच तर! निजामाच्या काळातलं मॅट्रिक म्हणजे आजचं एम. ए.!" हे वाक्य बोलणाऱ्याला वाटतं आपण समोरच्याचा सन्मान केला. त्या काळातलं मॅट्रिक म्हणजे मॅट्रिकच होतं, आणि त्यापुढं जाता आलं नाही तर ते माणसाला जन्मभर टोचत राहायचं. मी येणार नाही म्हणून सांगितलं आणि तो गुच्छ घेऊन जा म्हटलं. तेव्हा दुसरा, बारका, अगदी गोड आवाजात म्हणाला, "असू द्या गुरुजी. मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं कसं यायचं?"

तो पोरगा बिचारा चांगल्या मनानं बोलला. पण त्या वाक्यावर मला जो संताप आला तो त्याच्या वयापेक्षा जुना होता. ते गेल्यावर मी कितीतरी वेळ ओट्यावर बसून राहिलो. सून म्हणाली, "अब्बा, आत या, डोळ्यांत धूळ जाईल." मी म्हटलं, जाऊ दे.

मी मॅट्रिक झालो तो मोसम असाच होता. त्या वेळी आमच्या आयुष्यात एकाच दिवसाला तीन महिने असायचे. शाळेच्या फळ्यावर सरकारी फसली महिना, अमरदाद. रानात मिरग. आणि अम्मीच्या तोंडी रज्जब. आम्ही बेंबळीचे मन्यार, म्हणजे बांगड्या भरणारे. अब्बा खांद्यावर बांगड्यांचं बोचकं टाकून गावोगाव हिंडायचे, आठवड्याला धाराशिवच्या बाजारात बसायचे. त्यांनी आवाज चढवलेला मला आठवत नाही. त्यांच्या धंद्यात हात हळू दाबून काम होतं, ओरडून काच फुटते. बाईच्या हातात बांगड्या भरून झाल्या की एक वर घातल्याशिवाय ते हात सोडायचे नाहीत. ती एक वरची दिली नाही तर आपलं देणं अपुरं राहिलं असं त्यांना वाटायचं. सगळ्या जगाशी त्यांचं वागणं असंच होतं. अशा माणसाला जग फार लवकर ओळखतं आणि त्याचा पुरेपूर फायदा घेतं.

मी धाराशिवात खालाकडं, म्हणजे मावशीकडं, राहून शिकलो. शाळा उर्दूतून, घरात दखनी, गल्लीत मराठी. घरातलं बोलणं इथं मी मराठीतच लिहितोय, फक्त अम्मीचा 'नक्को' तसाच ठेवलाय, कारण त्याला दुसरा शब्द नाही. आमच्या सगळ्या नातलगांत मॅट्रिक झालेला मी पहिला. निकाल लागला आणि बेंबळीत आमच्या दारात माणसांची रीघ लागली. त्यांनी पेढे मागितले नाहीत. ते सल्ले घेऊन आले होते.

वाणी म्हणाला, शहराचं पाणी पिऊ नको, पोट फुगतं. मौलवीसाहेब म्हणाले, झोपतानासुद्धा टोपी उतरवू नको. तालमीचे वस्ताद म्हणाले, "भांडन काढू नको. पन निगालंच तर पयला हात तुजा पडला पायजे." माझे एक मास्तर म्हणाले, पहिल्या बाकावर बस म्हणजे साहेबाच्या नजरेत राहशील. दुसरे म्हणाले, शेवटच्या बाकावर बस म्हणजे साहेबाच्या नजरेत येणार नाहीस. खादीवाल्या पोरांत बसू नको, निजामाच्या बाजूच्या काळ्या शेरवानीवाल्या पोरांत बसू नको, असंही दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं. या दोन्हींतून जी पोरं उरत होती त्यांच्यात बसावं तर तिथं मी एकटाच असणार होतो. तुळजापूरच्या पुढं पाऊल न टाकलेल्या एका बुवांनी मला कॉलेजच्या जिन्याचं वर्णन करून सांगितलं. शेजारच्या म्हातारीनं खिशात कांदा ठेवायला सांगितला, ऊन बाधत नाही म्हणून. सगळ्यांत तो कांदा तेवढा मला उपयोगी पडला.

जे मला हवं होतं ते कुणी सांगितलं नाही. वर्गात एखादी गोष्ट कळली नाही तर काय करायचं? साहेबाला विचारलेलं चालतं का? मेसमधल्या ताटात दुसऱ्यांदा भात मागायचा असतो का? हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आमच्यातलं कुणी त्या फाटकाच्या आत गेलेलंच नव्हतं. आणि आपल्याला ठाऊक नाही एवढं एक वाक्य उच्चारणारा माणूस मला त्या मोसमात भेटला नाही. आजही क्वचितच भेटतो.

माझं सगळं अडलं होतं बोर्डिंगवर. फी माफ झाली असती, पण शहरात राहायचं कुठं आणि खायचं काय? कॉलेजच्या बोर्डिंगात गरीब पोरांसाठी फुकट जागा होत्या. त्या देणं न देणं सर्वस्वी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या हातात. मुलानं सरपरस्ताला, म्हणजे पालकाला, बरोबर घेऊन त्यांच्यासमोर हजर व्हायचं. जागा मिळाली तर मी शिकणार होतो. नाही मिळाली तर अब्बांच्या खांद्यावरचं बोचकं माझ्या खांद्यावर येणार होतं. घरात हे कुणी बोलत नव्हतं, पण अब्बा रात्री बोचकं भिंतीशी ठेवताना माझ्याकडं पाहायचे नाहीत, यावरून ते मला कळत होतं.

अशा वेळी आमच्याकडं एकाच माणसाला विचारायची रीत होती. पेशकारसाहेब. कचेरीत हाकिमासमोर कागद वाचून दाखवणारा तो पेशकार. हे कधीचेच निवृत्त झाले होते, पण गावाच्या लेखी अजून कचेरीतच बसलेले. ओट्यावर लोड, पानाचा डबा, आणि समोर हात बांधून उभं असलेलं कुणी ना कुणी. त्यांच्याशिवाय गावात कुणाचा फेरफार झाला नाही आणि कुणाचं लग्न ठरलं नाही.

अब्बा उभे राहिले. मी त्यांच्या मागं.

"पेशकारसाहेब, पोरगं कालिजात घालावं म्हन्तो."

"घाल की. कोणाला भेटनार?"

"कालिजच्या साहेबाला."

"काय घेऊन?"

अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "सर्टिफिकीट." पेशकारसाहेब असं हसले की पान बाहेर आलं.

"हसन, तुज्या पोरानं किताबं वाचली, दस्तूर न्हाय वाचला. अरे, तहसीलदार दौऱ्यावर येतो तवा गाव काय करतं?"

"डाली देतं."

"मग?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हाकीम गावात मुक्कामाला आला की त्याच्या तंबूवर एक टोपली जायची. तूप, अंडी, कोंबडी, भूमकडचा खवा, वर स्वच्छ फडकं. तिला डाली म्हणत. ती लाच नव्हती. निदान देणाऱ्याला ती लाच वाटत नव्हती. काही काम असो नसो, डाली जायचीच. न दिली तर गावानं हाकिमाचा अपमान केला असा अर्थ व्हायचा, आणि त्या अपमानाची वसुली पुढं वर्षभर चालायची. हाकीम आधी नको म्हणायचा, रागवायचाही. मग शिपाई टोपली उचलून आत न्यायचा. आमच्या लोकांनी सरकार पाहिलं होतं ते एवढंच.

"कालिजचा साहेब तहसीलदाराच्या लई वर," पेशकारसाहेब म्हणाले. "त्याला खव्यावर भागवशील तर पोराचं नुकसान करशील. जित्तं जनावर ने. आपल्याकडची शेळी पार हैद्राबादेपर्यंत नाववाली. त्यो न्हाय न्हाय म्हनंल. म्हनू दे. बांधायची आन् सलाम करून निगायचं. रिकाम्या हातानं हाकिमासमोर जाऊ नये."

मी वाटेत अब्बांना म्हटलं, तिथं असं नसेल. अब्बा म्हणाले, "तू पायलंस का?" मी पाहिलेलं नव्हतं. सगळा घोळ इथंच होता. मीसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

आमच्या घरी शेळी एकच, आणि ती अम्मीची. काळी कुळकुळीत, लांब कानांची, नुकतीच व्यालेली. पायाशी दोन पाटी होत्या, पाट म्हणजे मादी पिल्लू. अम्मी त्या शेळीशी जेवढं बोलायची तेवढं आमच्याशी बोलायची नाही. अब्बांनी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नक्को ना जी." अब्बा म्हणाले, "पोराचं काम हाय." तिनं शेळीच्या गळ्यातला दृष्टीचा काळा दोरा सोडला, आपल्या मनगटाला बांधला आणि आत निघून गेली. पिल्लांना वैरणीच्या खोलीत कोंडलं होतं. आम्ही वेशीबाहेर गेलो तरी त्यांचा आवाज येत होता.

मोटार कोळशावर चालणारी. लढाईनंतरही पेट्रोल मिळत नव्हतं. शेळीचे पाय बांधून तिला टपावर चढवलं. चढ आला की ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरवायचा आणि आम्ही मागून मोटार ढकलायचो, शेळी तेवढी वर बसून राहायची. लोक हसले. अब्बाही हसले. मागून आणलेल्या शेरवानीत त्यांचे हात बाहीत हरवले होते. नळदुर्गला उतरून त्यांनी आधी तिला पाणी पाजलं, मग मला विचारलं, तुला तहान लागली का? कॉलेज ज्या शहरात होतं त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि मला या वयात भांडण नको. खरं तर हवं आहे, पण झेपणार नाही.

कॉलेजच्या फाटकाशी मोठा कडुनिंब होता. अब्बा शेळी घेऊन त्याच्याखाली थांबले आणि मी आत गेलो. प्रिन्सिपॉलसाहेब उत्तरेकडचे, उंच, करड्या शेरवानीची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. मला 'आप' म्हणाले. तोवर मला जन्मात कुणी 'आप' म्हटलं नव्हतं. वडील काय करतात? मी सांगितलं, चूडीफरोश. का शिकायचंय? याचं उत्तर मला मास्तरांनी पाठ करून दिलं होतं, मुल्काची खिदमत वगैरे. ते ऐन वेळी सुचलं नाही. मी खरं तेच बोललो. म्हटलं, आमच्या बोचक्यात हिरवी काच असते, निळी असते, लाल असते, आणि लाल सगळ्यांत महाग पडते. काच तर तीच. रंग कशानं येतो हे अब्बांना विचारलं, व्यापाऱ्याला विचारलं, कुणाला सांगता येत नाही. ते शिकायचंय.

साहेबांनी चष्मा काढला. "खूब," म्हणाले. कारकुनाकडं वळून म्हणाले, "यांना बोर्डिंग. लिहा." मग उठून उभे राहिले. "तुमचे सरपरस्त कुठं आहेत? मला त्यांना मुबारकबाद द्यायची आहे."

त्या पाच-पन्नास पावलांइतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही. एवढा मोठा माणूस व्हरांडा उतरून माझ्या बापाला भेटायला चालला होता, आणि मी त्याच्या शेजारून चालत होतो.

अब्बांनी आम्हाला येताना पाहिलं. त्यांना वाटलं, हाकीम डाली बघायला स्वतः आला. त्यांनी झुकून सलाम केला आणि दोरी पुढं धरली.

"ये क्या है?"

"हुजूर, गरिबाची डाली."

साहेबांचा पुढं आलेला हात जागीच थांबला. चेहरा पाहता पाहता पांढरा पडला. त्यांच्या मागं कारकून, शिपाई, नवी पोरं उभी होती. ते म्हणाले, "ही तहसील नाही. मला विकत घ्यायला आलात?" त्यांची उर्दू इतकी स्वच्छ होती की अब्बांना निम्मी कळलीच नाही. त्यांना राग तेवढा कळला, आणि राग तर दस्तूरच होता, ठरलेली रीत. पेशकारसाहेबांनी सांगून ठेवलेलंच होतं. म्हणून माझा बाप उलट हुरूपानं बोलायला लागला. "हुजूर, दिसायला बारीक हाय, पन दूध भरपूर. जुळी देती. खान्याला नाटाळ न्हाय."

पोरं फिसकन हसली. साहेब माझ्याकडं वळले. "आत तुम्ही मला जे सांगितलंत ते काय होतं मग? तेही कुणी शिकवून पाठवलं?" मी तोंड उघडेपर्यंत त्यांची पाठ फिरली होती. कारकुनाला म्हणाले, नाव काढा. कारकुनानं जिथं उभा होता तिथंच, हातातल्या फळीवरच्या यादीत, रेघ मारली.

आज इतक्या वर्षांनी लोक मला सांगतात, तो माणूस निःस्पृह होता. होता. मी नाही म्हणत नाही. त्यानं आयुष्यात कुणाचा पैसा घेतला नसेल. पण त्याच्या निःस्पृहपणाला त्या दिवशी काहीच किंमत मोजावी लागली नाही, सगळी आम्ही मोजली. एकदा, फक्त एकदा त्यानं विचारलं असतं, "बाबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाला लाच आणि अदब यांत फरक करता येत नसेल, तर आमच्या पेशकारात आणि त्याच्यात फरक काय? दोघांनाही आपलं जग तेवढंच खरं वाटत होतं. दोघांच्या मधून माझा बाप चिरडला गेला आणि दोघांनाही त्याचा आवाज आला नाही.

परतीची मोटार दुपारनंतर होती. आम्ही फाटकाबाहेर बसून राहिलो. आत सभागृहात नव्या पोरांसमोर साहेबांचं भाषण सुरू झालं आणि खिडक्या उघड्या असल्यानं मला शब्द न् शब्द ऐकू आला. माझ्या आयुष्यात कॉलेजचं व्याख्यान मी ऐकलं ते एवढंच. ते म्हणाले, या इमारतीत अमीर-गरीब कुणी नाही. ते म्हणाले, इल्मच्या, म्हणजे विद्येच्या, दाराला पहारेकरी नसतो. ते म्हणाले, नौजवानांनो, कळलं नाही तर बेधडक विचारा, विचारणाऱ्याला इथं कुणी हसणार नाही. टाळ्या पडल्या. फाटकावरचा पहारेकरी तंबाखू मळत आमच्याकडं पाहत होता.

"काय म्हन्त्यात?" अब्बांनी विचारलं.

"चांगलं बोलतायत," मी म्हटलं.

"मोठा मानूस हाय," अब्बा म्हणाले.

मोटार आली तसे ते उठले. शेळीची दोरी त्यांनी फाटकाच्या गजाला बांधली. मी म्हटलं, अब्बा, सोडा तिला, घेऊन जाऊ. ते म्हणाले, "दिल्याली डाली परत न्हेत न्हाईत." पहारेकऱ्याला सलाम केला, शेळीच्या पाठीवर हात फिरवला आणि मागं न पाहता चालायला लागले. तिचं पुढं काय झालं मला माहीत नाही. पहारेकऱ्याच्या घरी त्या दिवशी चांगलं जेवण झालं असावं.

घरी आल्यावर अम्मीनं अब्बांच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ती पिल्लांकडं गेली. पिल्लांना तिनं बोटानं पेज चाटवून जगवलं.

आणि सल्ले देणारे? ते आले. तेच सगळे, त्याच ओट्यावर. वाणी म्हणाला, मी म्हणतच होतो. मास्तर म्हणाले, नशीब. कुणालाही आपला सल्ला आठवत नव्हता, फक्त आपण शहाणे होतो एवढं आठवत होतं. सल्ला देणाऱ्याचं बरं असतं. पीक आलं तर बी त्याचं, बुडालं तर जमीन आपली.

पेशकारसाहेबांपुढं अब्बांनी सगळी हकीकत सांगितली. मी मध्ये बोलू पाहिलं. "साहेब, त्यांनी जागा दिलेली होती. शेळी बघून काढून घेतली." पेशकारसाहेबांनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

"हसन, शेळी त्यांनी परत धाडली का?"

"न्हाय. बांधून आलो."

"म्हंजे ठिवली. ठिवली आन् काम केलं न्हाय. याचा अर्थ काय?"

पेशकारसाहेबांनी पानाचा डबा मिटला.

"कमी पडली. एवढ्या मोठ्या हाकिमाला एक शेळी? लोकांसमोर त्याची बेअब्रू केलीस तू. दोन न्यायला पायजे व्हत्या."

मला वाटलं, आता तरी अब्बा उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी हळूहळू मान हलवली. "व्हय," म्हणाले. "माजंच चुकलं. दोन न्यायला पायजे व्हत्या." जन्मभर ज्यानं प्रत्येक हातात एक बांगडी वर घातली, त्याच्या गळी हे पटकन उतरलं.

पुढचं वर्षभर अब्बांनी त्या दोन पाटींची जी चाकरी केली ती मी विसरणार नाही. स्वतः उपाशी चालत, पण बाजारातून येताना त्यांच्यासाठी पाला घेऊन येत. त्या वाढल्या, अंगानं भरल्या, आईसारख्या काळ्या निघाल्या. पुन्हा लिंबोळ्या पडायला लागल्या, पुन्हा वारा सुटला. अब्बांनी शेरवानी मागून आणली आणि दोन्ही शेळ्यांना आंघोळ घातली.

मी म्हटलं, "शेळ्या न्यायच्या असतील तर मी येत नाही."

"आन् रिकाम्या हातानं असंल तर मी येत न्हाय," अब्बा म्हणाले. तसं ठाम ते आयुष्यात एकदाच बोलले. "एकदा म्या कमी पडलो. पुन्यांदा न्हाय पडनार."

अम्मी म्हणाली, "पोराला एकट्याला जाऊ द्या जी."

"सरपरस्त लागतो."

ते खरं होतं. पालक हजर नसेल तर बोर्डिंग नाही. मी समजावलं, रडलो, चिडलो. ज्याला आपलं चुकलं एवढं पटलंय पण काय चुकलं ते उलटंच पटलंय, त्याच्याशी भांडता येत नाही. मी ओट्यावर बसून राहिलो, शेळ्या अंगणात बांधलेल्या राहिल्या, आणि प्रवेशाचे दिवस निघून गेले. मी बोचकं खांद्यावर घेतलं.

त्याच्या पुढच्या वर्षी भादव्यात निजामाचं राज्यच गेलं. त्या दिवसांत आमच्या भागात जे झालं ते इथल्या माणसांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना या लेखात सांगायची माझी इच्छा नाही. आमची माणसं वाचली. दोन्ही शेळ्या भरदिवसा सोडून नेल्या. कुणी नेल्या ते अब्बांनी पाहिलं होतं. त्यांनी नाव घेतलं नाही, मीही घेत नाही. पुढं मराठी शाळा वाढल्या, मास्तर कमी पडले, मी मास्तर झालो. काचेला रंग कशानं येतो ते मी पुष्कळ उशिरा एका पुस्तकात वाचलं. वाचून आनंद झाला नाही.

मग कधीतरी धाराशिवातच कॉलेज निघालं. माझ्या मुलीनं, नसीमनं, बारावीपर्यंत चांगले गुण मिळवले आणि एका जूनमध्ये सायकलवर टांग मारून ती एकटीच प्रवेश घ्यायला गेली. अब्बा तेव्हा पार थकलेले, दिसायचं कमी, ओट्यावर कडुनिंबाच्या सावलीत खाटेवर पडून असत. दुपारी ती परत आली, सायकल भिंतीला लावली आणि आजोबांना म्हणाली, "दादा, झाला प्रवेश."

अब्बा उठून बसले. "कुनाला भेटलीस?"

"कुणाला नाही. खिडकीत कागद दिले."

"संगं काय न्हेलं व्हतं?"

"काही नाही. काय न्यायचं असतं?"

ती हसत आत गेली. वाऱ्यानं लिंबोळ्या खाटेवर पडत होत्या, त्या अब्बा चाचपून चाचपून खाली टाकत होते. मग त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"म्हंजे," ते म्हणाले, "तवा बी काय लागत नव्हतं का रं?"

ज्या उत्तरासाठी मी कित्येक वर्षं दात-ओठ खाल्ले होते, ज्याच्यासाठी पेशकाराला आणि त्या साहेबाला मनातल्या मनात हजारदा उभं केलं होतं, ते उत्तर आता माझ्या जिभेवर होतं. समोर माझा बाप होता.

"लागत होतं, अब्बा," मी म्हटलं. "एक कमी पडली."

"तेच म्हन्तो म्या," अब्बा म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले.